इरासीची बॅग

चार वर्षं भिशी लावली आम्ही चौघींनी,
लग्नाचे झगे शिवायच्या त्या एकाच दुकानात,
दर महिन्याच्या पाच तारखेला, बिस्किटांच्या डब्यात.
डब्यावर डाल्वाने लिहिलं होतं: जुलाबाची औषधं.
कुणाच्या नवऱ्याचा हात तिकडे गेला नाही.

आज पहाटे जुंदियाईहून बस पकडली.
घाटात धुकं इतकं, की ड्रायव्हरने रेडिओ बंद केला,
जणू गाणं थांबलं की रस्ता जास्त दिसतो.
मग एका वळणावर खाली सांतोस:
क्रेन, कंटेनर, साखरेची कोठारं,
आणि सगळ्यांच्या वर मान काढून
पांढरंशुभ्र आमचं जहाज.
"चौदा मजले," नेउझा म्हणाली,
आणि विश्वास न बसून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

बंदरात बॅगा आधी घेतात, माणसं नंतर.
हमालाने चारही कड्यांना कागदी पट्ट्या ठोकल्या
आणि बॅगा गेल्या रबरी पडद्यातून आत,
सासरी निघालेल्या पोरी तरी मागे वळून बघतात.

खिडकीमागे दातांना तारा लावलेला पोरगा.
इरासीचं ओळखपत्र त्याने उलटं केलं, सुलटं केलं,
"सेन्योरा, हे अकरा वर्षांपूर्वीचं.
जहाज मोंतेविदेओला जातं. दहाच्या वरचं चालत नाही."
फोटोत काळेभोर केस, गळ्यात नवऱ्याने दिलेली साखळी.
साखळी विकली. नवरा गेला. केसांचं तर दिसतंच आहे.
डाल्वा भांडली. आवाज चढवला की नियम उतरतो
अशी तिची जुनी समजूत.
मागे रांगेत कुणाचं तरी बाळ रडायला लागलं.
इरासीने चष्मा लावून स्वतःचा फोटो नीट पाहिला.
"पोराचं बरोबर आहे. हिला मीही आत सोडलं नसतं."

मग आमच्याकडे वळून, दुकानात माप घेताना बोलते तशी:
"पैसे परत मिळत नाहीत ना? मग निघा.
माझ्या वाटचा केक खा. आणि रडायचं नाही,
मी मेलेली नाही, मी फक्त जुनी झालेय."

आम्ही चढलो.
जेवणाच्या हॉलमध्ये आधी कुणीच ताट उचललं नाही,
नंतर तिघींनी मिळून सात उचलली.
भोंगा वाजला, नारिंगी जाकिटं घालून रांगेत उभं केलं,
बुडायचं कसं नाही ते एका फिलिपिनी मुलीने हसतहसत शिकवलं.
खोलीत चौथं जाकीट खुंटीलाच राहिलं.

साडेपाचला धक्का सरकू लागला. आम्ही नव्हे, धक्का.
फोन वाजला. "उजवीकडे या! उजवीकडे!"
आम्ही तिघी धावलो डावीकडे,
तिथल्या ग्वारुजाच्या डोंगराला मनापासून हात हलवले.
"अगं, जेवायच्या हाताला!"

आणि ती होती.
पोंता दा प्रायाच्या कठड्याशी, एका हातात मक्याचं कणीस,
दुसऱ्या हातात कुणाची तरी मागून घेतलेली पिवळी छत्री.
तिथे खाडी इतकी अरुंद, की जहाज शहराच्या अंगणातून जातं.
ती कठड्याकडेने चालू लागली.
जहाजही चालत होतं, तिच्याच चालीने,
गुडघेदुखीच्या, बाजारातून परतणाऱ्या बाईच्या चालीने.
मासे धरणाऱ्यांनी तिच्यासाठी गळ वर उचलले.
फोनवर कुणीच काही बोलत नव्हतं,
नुसते तिचे दाणे चावल्याचे आवाज.
मग जहाजाने वेग घेतला.
छत्री आधी लिंबाएवढी, मग मोहरीएवढी.

रात्री खोलीच्या दाराशी चार बॅगा.
इरासीची हिरवी, दोरीने बांधलेली.
कुलुपाचा आकडा आम्हाला तोंडपाठ, दुकानाच्या फोनचाच तो.
तरी कुणी उघडली नाही. चौथ्या पलंगावर आडवी ठेवली,
नेउझाने तिच्यावर चादर ओढली, मग तिलाच ते कसंतरी वाटलं,
चादर काढली.

तेवढ्यात तिचा निरोप आला:
"बसमध्ये खिडकी मिळाली. घाटात अजून धुकं.
बॅगेत पेरूच्या वड्या आहेत, आजच संपवा, मुंग्या लागतील.
जहाजावर मुंग्या असतात का गं?"